अद्वैत वेदांताचा अभ्यास: पहिल्या दोन वर्षांत काय वाचावे, कोणत्या क्रमाने आणि कसे

अद्वैताकडे वळणारा माणूस बहुधा शेवटच्या पानावरून आत शिरतो. 'अहं ब्रह्मास्मि' कुठेतरी कानावर पडलेले असते. ते बृहदारण्यकात आहे असे कळते, म्हणून तेच उपनिषद तो आणतो. उघडून पाहतो तर पहिल्याच मंत्रात अश्वमेधाच्या घोड्याचे डोके म्हणजे उषा, डोळा म्हणजे सूर्य! चार पानांत पुस्तक मिटते आणि 'हे आपल्यासाठी नाही' अशी समजूत होऊन बसते.

दोष वाचणाऱ्याचा नाही, क्रमाचा आहे. अद्वैतात ज्ञान म्हणजे नवीन काही मिळवणे नव्हे. आत्मा आत्ताही आहे तसाच आहे. त्याच्यावर देह-मनाचा जो आरोप झाला आहे, तो जाणे एवढेच काम. पण नेमका कशावर कशाचा आरोप झाला आहे हे आधी स्पष्ट नसेल, तर महावाक्य, म्हणजे जीव-ब्रह्माची एकता सांगणारे उपनिषदातले वाक्य, ऐकूनही काही हलत नाही. म्हणून परंपरेने आधी छोटे प्रकरणग्रंथ (वेदांताची ओळख करून देणारी छोटी पुस्तके), मग गीता, मग उपनिषदे आणि सर्वांत शेवटी ब्रह्मसूत्रे अशी वाट घालून दिली आहे. पुढे दिलेला क्रम त्याच वाटेचा, रोज पाऊण तास देऊ शकणाऱ्या माणसासाठी आखलेला.

सुरुवातीची तयारी

वेदांताचा प्रत्येक ग्रंथ चार गोष्टी आधी सांगतो: अधिकारी कोण, विषय काय, ग्रंथाचा आणि विषयाचा संबंध काय, प्रयोजन काय. यांतला अधिकारी म्हणजे साधनचतुष्टय असलेला माणूस. नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक, इथल्या आणि परलोकातल्या भोगांविषयी वैराग्य, शम-दम-उपरती-तितिक्षा-श्रद्धा-समाधान ही षट्कसंपत्ती आणि मोक्षाची इच्छा.

ही यादी वाचून दोन प्रकारची माणसे अडकतात. एक म्हणतो, 'माझ्यात यातले काहीच नाही, आधी ते आणतो', आणि दहा वर्षे ग्रंथाला हात लावत नाही. दुसरा यादी ओलांडून थेट 'तत्त्वमसि'वर ('ते तू आहेस') जातो. दोघांनीही पुढची सोपी कसोटी लावावी. ज्या गोष्टीसाठी आपण धडपडतो आहोत ती मिळाल्यावरही अपुरेपण परत येते, हे स्वतःच्या आयुष्यात एकदा तरी स्वच्छ दिसले आहे का? दिसले असेल तर अभ्यास सुरू करायला तेवढे पुरे. बाकीचे गुण अभ्यासाबरोबर वाढवायचे असतात, आणि त्यासाठी गीतेचा कर्मयोग आहेच: वाट्याला आलेले काम नीट करणे आणि फळाबद्दलची ओढाताण कमी करणे. हे चालू नसेल तर वाचन डोक्यात साठते, माणूस मात्र होता तसाच चिडका राहतो.

संस्कृत किती यायला हवे? सुरुवातीला फारसे नाही. देवनागरी वाचता येते आणि निम्मे शब्द ओळखीचे असतात, हा मराठी वाचकाचा मोठा फायदा आहे. संधी सोडवणे आणि सात विभक्ती ओळखणे एवढे पहिल्या सहा महिन्यांत हळूहळू जमवावे. व्याकरण पुरे झाल्यावर ग्रंथ हाती घेऊ, असे मात्र ठरवू नये.

पहिला ग्रंथ: तत्त्वबोध

प्रश्नोत्तररूपी, गद्य, अगदी छोटा. तो शंकराचार्यांच्या नावावर आहे. अभ्यासकांत त्याविषयी मतभेद आहेत, पण नवख्याला त्याने फरक पडत नाही. परिभाषा स्वच्छ करून देणारा यापेक्षा सोयीचा ग्रंथ नाही. दोन महिने यालाच द्यावेत आणि या काळात दुसरे पुस्तक उघडू नये.

वही घ्या आणि एका पानावर तीन रकाने आखा: शरीर, कोश, अवस्था. स्थूल शरीर, अन्नमय कोश, जागृती ही पहिली ओळ. सूक्ष्म शरीरासमोर प्राणमय, मनोमय, विज्ञानमय असे तीन कोश आणि स्वप्नावस्था. कारण शरीरासमोर आनंदमय कोश आणि सुषुप्ती. सूक्ष्म शरीराचे सतरा घटक पाठ करा: पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, मन आणि बुद्धी. पाठांतर जुनाट वाटेल, पण पुढे भाष्य वाचताना 'लिंगशरीर' (सूक्ष्म शरीराचेच दुसरे नाव) हा शब्द आला की दर वेळी मागे जावे लागत नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आनंदमय कोशालाच आत्मा समजणे. नावात आनंद आहे, सगळ्यांत आतला आहे, म्हणून तेच आपले स्वरूप असे वाटते. पण तोही कोशच आहे. गाढ झोपेत किंवा आवडती वस्तू मिळाल्यावर जो आनंद उमटतो तो येतो आणि जातो. जे येते-जाते ते आत्मा नव्हे, हा नियम इथेही सोडायचा नाही.

गीता: एक श्लोक कसा वाचावा

तत्त्वबोधानंतर गीता. सातशे श्लोक एका दमात वाचून संपवण्यात काही अर्थ नाही. आधी दुसरा अध्याय (११ व्या श्लोकापासून), मग तिसरा, पाचवा आणि तेरावा. त्यानंतर पहिल्यापासून सगळी. शंकराचार्यांचे भाष्यही खऱ्या अर्थाने दुसऱ्या अध्यायातल्या 'अशोच्यान्' या श्लोकापासूनच सुरू होते. भाष्य एकच धरावे. शांकरभाष्य, रामानुजभाष्य आणि मध्वभाष्य यांचे निष्कर्ष मुळातच वेगळे आहेत. तिन्ही शेजारी ठेवून वाचणे पंडिताला शोभते. नवख्याच्या हाती त्यातून खिचडी येते.

रोज एकच श्लोक घ्या, फार तर दोन. पद्धत २.१६ वर दाखवतो:

नासतो विद्यते भावो नाभावो विद्यते सतः ।
उभयोरपि दृष्टोऽन्तस्त्वनयोस्तत्त्वदर्शिभिः ॥

आधी पदच्छेद: न, असतः, विद्यते, भावः, न, अभावः, विद्यते, सतः, उभयोः, अपि, दृष्टः, अन्तः, तु, अनयोः, तत्त्वदर्शिभिः. मग अन्वय: असतः भावः न विद्यते, सतः अभावः न विद्यते, अनयोः उभयोः अपि अन्तः तु तत्त्वदर्शिभिः दृष्टः. आता स्वतःच्या मराठीत एक वाक्य: जे असत् आहे त्याला अस्तित्व नाही, जे सत् आहे त्याचा अभाव होत नाही, आणि या दोहोंचा निर्णय तत्त्व पाहणाऱ्यांनी पाहिलेला आहे.

भाष्य यानंतरच उघडायचे. शंकराचार्य इथे एक विलक्षण साधी गोष्ट दाखवतात. 'घट आहे', 'पट आहे', 'हत्ती आहे' अशा प्रत्येक ज्ञानात दोन बुद्धी असतात: एक घटाची किंवा पटाची आणि दुसरी 'आहे'ची. घट फुटला की घटबुद्धी जाते, पण 'आहे' मात्र दुसऱ्या कशाला तरी जोडून पुढे चालूच राहते. जी बुद्धी बदलते तिचा विषय असत्, जी बदलत नाही तिचा विषय सत्. हे वाचून झाले की वहीत शंका लिहा. उदाहरणार्थ: घट गेल्यावर त्याच्याबरोबरची 'आहे'बुद्धीही गेलीच ना? ही शंका भाष्यात स्वतःच उपस्थित केली आहे आणि तिचे उत्तरही दिले आहे. आपली शंका भाष्यकारांनी आधीच घेतलेली आढळली, की समजावे वाचन रुळावर आले.

पदच्छेद, अन्वय, स्वतःचे वाक्य, भाष्य, शंका. पाऊण तासात एवढेच होते. यातली तिसरी पायरी गाळली जाते, कारण भाषांतर समोर तयार असते. भाषांतर वाचून समजल्यासारखे वाटते आणि पुस्तक मिटल्यावर काहीच सांगता येत नाही. ती पायरी गाळल्याची खूण हीच.

उपनिषदे: कोणते आधी

शंकराचार्यांची भाष्ये असलेली दहा उपनिषदे प्रमुख मानली जातात: ईश, केन, कठ, प्रश्न, मुंडक, मांडूक्य, ऐतरेय, तैत्तिरीय, छांदोग्य, बृहदारण्यक. पारंपरिक यादीत ईश पहिले आहे आणि त्यात अठराच मंत्र आहेत, म्हणून लोक तिथून सुरू करतात. तसे करू नये. नवव्या मंत्रापासून विद्या-अविद्या, संभूती-असंभूती यांचा जो समुच्चय (एकत्र मेळ) येतो, तो कर्म, उपासना आणि ज्ञान यांतला फरक पक्का असल्याशिवाय सुटत नाही.

कठापासून सुरुवात करा. नचिकेता आणि यम यांच्या संवादामुळे धागा सुटत नाही, श्रेय-प्रेय (हिताचे आणि आवडीचे) हा वैराग्याचा पाया येतो आणि रथाच्या रूपकातून देह, इंद्रिये, मन, बुद्धी यांची उतरंड पुन्हा एकदा घटवली जाते. मग मुंडक: परा आणि अपरा विद्या. त्यानंतर केन, आणि तैत्तिरीयातली ब्रह्मानंदवल्ली, जिथे पंचकोश मूळ जागी भेटतात. मग छांदोग्याचा फक्त सहावा अध्याय. बृहदारण्यकातून याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद (२.४) आणि चौथ्या अध्यायातले जनकाबरोबरचे संवाद. घोड्याचे प्रकरण तूर्त राहू द्या.

मांडूक्य बारा मंत्रांचे आहे. त्याच्यावर गौडपादांच्या २१५ कारिका चार प्रकरणांत आहेत. बारा मंत्र लवकर वाचले तरी चालतील. कारिका मात्र दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. 'कोणी जन्मतच नाही' हा अजातिवाद फार आधी हाती पडला, तर माणूस तो तर्काने झेलतो आणि वादात जिंकण्यापुरता वापरतो.

छांदोग्य ६ चे तात्पर्य कसे काढावे

एखाद्या प्रकरणाला काय म्हणायचे आहे हे आपल्या आवडीवरून ठरवायचे नसते. त्यासाठी सहा खुणा आहेत. सदानंदांच्या वेदांतसारात त्या याच अध्यायावर लावून दाखवल्या आहेत. आपणही पेन्सिल घेऊन लावाव्यात.

श्वेतकेतू बारा वर्षे वेद शिकून चोविसाव्या वर्षी ताठ मानेने घरी येतो. वडील उद्दालक विचारतात, ज्याने न ऐकलेले ऐकलेले होते तो उपदेश तू विचारलास का? ही त्या ज्ञानाची स्तुती, म्हणजे अर्थवाद. लगेच दृष्टांत: मातीचा एक गोळा कळला की मातीचे सगळे कळते, विकार हे केवळ नाव आहे. ही उपपत्ती, म्हणजे युक्ती. दुसऱ्या खंडात 'एकमेवाद्वितीयम्' हा उपक्रम, म्हणजे आरंभ, आणि शेवटी 'ऐतदात्म्यमिदं सर्वम्' हा उपसंहार. दोन्ही टोके जुळतात. 'तत्त्वमसि' नऊ वेळा येते, तो अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगणे. प्रत्यक्ष-अनुमानादी दुसऱ्या प्रमाणांनी ही गोष्ट कळत नाही, ही अपूर्वता. 'आचार्यवान् पुरुषो वेद' आणि त्यापुढचे मुक्तीचे वाक्य, हे फळ.

नऊही ठिकाणी खूण करा आणि प्रत्येक 'तत्त्वमसि'च्या आधी कोणता दृष्टांत आला ते समासात लिहा: मधमाश्यांचा मध, समुद्राला मिळणाऱ्या नद्या, वडाच्या बीजातली न दिसणारी सूक्ष्मता, पाण्यात विरघळलेले मीठ. प्रत्येक दृष्टांत श्वेतकेतूची एकेक वेगळी अडचण सोडवतो. मिठाचा दृष्टांत, उदाहरणार्थ, 'आहे तर दिसत का नाही' या अडचणीवरचा आहे: डोळ्यांना दिसत नाही, पण वरून, मधून, तळातून चाखले तर सगळीकडे आहे. हे लक्षात आले की नऊ वेळांची पुनरुक्ती पुनरुक्ती वाटत नाही.

'तू' आणि 'ते' एक कसे, याचे उत्तर भागत्यागलक्षणेत, म्हणजे शब्दाच्या अर्थातला विरोधी भाग सोडून उरलेला घेण्यात, आहे. 'तो हा देवदत्त' म्हणताना तेव्हाचा काळ-देश आणि आताचा काळ-देश बाजूला ठेवून आपण माणूस एकच असल्याचे ओळखतो. तसेच जीवाचे अल्पज्ञत्व आणि ईश्वराचे सर्वज्ञत्व या उपाधी बाजूला ठेवल्या की उरलेले चैतन्य एक. हा टप्पा चुकला की 'मीच देव' असा विनोदी निष्कर्ष निघतो. अहंकार ब्रह्म आहे असे कोणीही म्हटलेले नाही.

श्रवण, मनन, निदिध्यासन

मैत्रेयीला याज्ञवल्क्य सांगतात: आत्मा पाहावा, ऐकावा, मनन करावा, निदिध्यासावा. पाहण्यासाठी सांगितलेल्या श्रवण, मनन आणि निदिध्यासन (पटलेल्या अर्थावर मन सतत ठेवणे) या तिन्ही पायऱ्यांचे काम वेगवेगळे आहे आणि एकीचे औषध दुसरीच्या दुखण्याला चालत नाही. उपनिषदे अद्वैतच सांगतात का, ही शंका श्रवणाने जाते. वरच्या सहा खुणा त्यासाठीच. 'पण हे शक्य कसे? मला तर भेद दिसतो' ही शंका मननाने, म्हणजे युक्तीने जाते. दोन्ही शंका गेल्या तरी 'मी म्हणजे हा देह' ही सवय उरते. तिला विपरीत भावना म्हणतात आणि ती निदिध्यासनाने झिजते. ज्याची शंका शिल्लक आहे तो डोळे मिटून बसला तर ध्यानात शंकाच फिरत राहते. उलट ज्याला सगळे पटले आहे त्याने आणखी वीस पुस्तके वाचून सवय जाणार नाही.

बैठकीसाठी दृग्दृश्यविवेकाचा पहिला श्लोक घ्यावा: रूप हे दृश्य, डोळा द्रष्टा, डोळा दृश्य, मन द्रष्टे, मनाच्या वृत्ती दृश्य, साक्षी द्रष्टा, आणि साक्षी कोणालाच दिसत नाही. वीस मिनिटे पुरेत. समोरचा रंग पाहा. मग डोळ्याचे अंधूक-स्पष्ट असणे कोणाला कळते ते पाहा. मग 'आता कंटाळा आला' ही वृत्ती कशाच्या प्रकाशात कळली, तिथे थांबा. बहुतेक जण इथे साक्षीला शोधायला लागतात आणि छातीत किंवा कपाळामागे काहीतरी जाणवते त्यालाच साक्षी म्हणतात. जे जाणवले ते दृश्यच. ते बाजूला ठेवायचे आणि शोध थांबवायचा. पाहणारा गैरहजर कधीच नव्हता.

प्रकाश दिसणे, नाद ऐकू येणे, देहभान हरपणे यांना या मार्गात पुरावा मानत नाहीत. वाईट नाहीत, पण येतात-जातात. पतंजलीच्या योगातली समाधी आणि वेदांतातले ज्ञान एकच धरल्याने हा घोळ वाढतो. योगदर्शनात पुरुष अनेक आहेत आणि चित्तवृत्तींचा निरोध हे साधन आहे; अद्वैतात आत्मा एक आहे आणि अज्ञान जाते ते ज्ञानाने. चित्त एकाग्र व्हायला योगाची मदत जरूर घ्यावी, सिद्धांत मात्र मिसळू नयेत.

'जग मिथ्या' म्हणजे जग नाही, असे समजून नोकरी, घर, आजारपण यांकडे पाठ फिरवणारेही असतात. अद्वैतात सत्ता तीन पातळ्यांवर मानली आहे: दोरीवर दिसणारा साप प्रातिभासिक, दोरी आणि आपले रोजचे जग व्यावहारिक, ब्रह्म पारमार्थिक. व्यवहारातले प्रश्न व्यवहाराच्याच पातळीवर सोडवायचे असतात. भूक लागली तर जेवायचे, कर्ज असेल तर फेडायचे. साक्षीभावाचे नाव घेऊन दुःख दडपण्याचाही मोह होतो. मन सतत बधिर वाटत असेल, झोप उडाली असेल, जग परके भासत असेल, तर हा विवेकाचा परिपाक समजू नये. बैठक थांबवून डॉक्टरांना भेटावे.

गुरू आणि सोबत

मुंडक गुरूची दोनच लक्षणे सांगते: श्रोत्रिय आणि ब्रह्मनिष्ठ. दुसरे आपल्याला बाहेरून मोजता येत नाही; पहिले सहज तपासता येते. ग्रंथ ओळीने शिकवतात का, की निवडक वाक्यांवर व्याख्यान देतात? शंका विचारलेली चालते का? भाष्याचा आधार दाखवतात का? 'अमुक दिवसांत साक्षात्कार' असे आश्वासन, औषध बंद करण्याचा सल्ला, घरच्यांशी संबंध तोडण्याचा आग्रह, यांतले एक जरी दिसले तरी तिथून निघावे. ओळीने शिकवणारे कोणी जवळ नसेल तर एका आचार्यांचे ध्वनिमुद्रित वर्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावेत. पाच जणांचे तुकडे ऐकणे म्हणजे श्रवण नव्हे.

मराठीतले अद्वैत

संस्कृत भाष्याच्या जोडीला मराठी ग्रंथ जरूर असावेत, पण तिथेही क्रम आहे. दासबोधाचे वीस दशक आणि दोनशे समास. त्यातले तत्त्वविवेचनाचे समास तत्त्वबोधाबरोबर वाचले तर चांगले जुळतात. शके १२१२ ची ज्ञानेश्वरी गीतेबरोबर घ्यावी: आधी श्लोक, मग भाष्य, मग ओव्या. स्वतः ज्ञानदेव 'भाष्यकारातें वाट पुसतु' असे म्हणतात, त्यामुळे या क्रमाला संकोच नको. चांगदेव पासष्टी, पासष्ट ओव्यांची, दुसऱ्या वर्षात.

अमृतानुभवाची घाई करू नका. त्यातले सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे आणि सर्वांत मोठे आहे. शांकर पद्धतीत अज्ञान गृहीत धरून ते ज्ञानाने घालवायचे असते. ज्ञानदेव तर अज्ञान नावाची वस्तू सिद्धच होत नाही म्हणतात, आणि पुढच्या प्रकरणात त्याच्या सापेक्ष असलेले ज्ञानही उरू देत नाहीत. ज्याने आधीची पद्धत पचवली आहे त्याला ते वाचताना अपार आनंद होतो. ज्याने ती पचवलेली नाही त्याच्या पायाखालची शिडी चढण्याआधीच काढली जाते.

दोन वर्षांनंतर

आता ब्रह्मसूत्रे. चार अध्याय, सोळा पाद, शांकर गणनेने ५५५ सूत्रे. सगळी वाचायची गरज नाही; सुरुवातीचे अध्यासभाष्य (अध्यास म्हणजे एकावर दुसऱ्याचा आरोप) आणि पहिली चार सूत्रे, म्हणजे चतुःसूत्री, एवढे सहा महिने पुरते. अध्यासभाष्य जेमतेम काही पानांचे आहे, पण एकेका वाक्यावर दिवस जातो. 'स्मृतिरूपः परत्र पूर्वदृष्टावभासः' हे अध्यासाचे लक्षण तोंडपाठ करून प्रत्येक पद दोरी-सापावर लावून पाहावे. जोडीला विद्यारण्यांची पंचदशी: पंधरा प्रकरणे, पाच विवेकाची, पाच दीपांची, पाच आनंदाची. त्यातला तृप्तिदीप सर्वांत मोठा आहे आणि ज्ञान झाल्यावर व्यवहार कसा राहतो, प्रारब्ध कसे भोगले जाते, या नेहमीच्या प्रश्नांसाठी तोच आधी उघडावा.

चित्सुखी, खंडनखंडखाद्य, अद्वैतसिद्धी हे वादग्रंथ नव्यन्याय (न्याय या तर्कशास्त्राची नंतरची शाखा) किंवा निदान न्यायाची परिभाषा आल्याशिवाय हाती घेऊ नयेत. तिकडे जायचेच असेल तर आधी अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह सहा महिने, कोणाच्या तरी समोर बसून.